माझेही हात असेच थरथरायचे



बोलायला बसलोय खरा, पण नाव न सांगता. निवेदकांनी दोनदा विचारलं, 'निदान आडनाव तरी सांगू द्या.' मी म्हटलं, तेही नको. लाज वाटते म्हणून नव्हे. एका पोळ्याला मिरवणुकीतले बैल वेशीपर्यंत पोचायच्या आधी मी वेशीत आडवा झालो होतो, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालासुद्धा माहीत आहे. गावाला जे ठाऊक आहे ते लपवायचं काय? तरीही नाव नको. का, ते ओघात येईलच.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या मोटारी जळतात आणि माझ्याकडे येतात. आमच्याकडे पाणी कमी आणि विजेचा दाब त्याहून कमी, त्यामुळे धंद्याला मरण नाही. मरण आलं होतं ते मला. दारू सकाळी सातलाच लागायची. नाही घेतली तर हात थरथरायचे आणि घेतली तरी दुपारी पुन्हा थरथरायचे. आता मोटार भरणं हे हाताचं काम. तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे, कॉइल करायची, ती स्टेटरच्या खाचेत एकेक तार दाबत बसवायची. एका तारेवरचा इनॅमल खरवडला तरी मोटार आठ दिवसांत पुन्हा जळते. माझ्या दुकानातून गेलेल्या मोटारी तेव्हा बहुतेक परत यायच्या.

२००४ सालच्या उन्हाळ्यात एक शेतकरी मोटार घेऊन आला. ओळखीचा नव्हता. स्टुलावर बसून माझे हात बघत राहिला. तार खाचेत बसत नव्हती. मला वाटलं, आता हा मोटार उचलून दुसरीकडे जाणार. तो हळूच म्हणाला, "माझे बी आसंच थरथरायचे." बस्स. पुढे काही नाही. चहा सांगितला, प्याला, गेला.

आठ दिवसांनी पुन्हा आला, रिकाम्या हातानं. मी विचारलं, "जळली का पुन्हा?" म्हणाला, "न्हाई, चालू हाय. इकडं आलतो, चहा घ्यावा म्हनलं." असा तो चार वेळा आला. 'दारू सोडा' हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही आले नाहीत. आपलं मात्र सांगायचा. खिल्लारी जोडी कशी विकली, मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला उभं राहता आलं नाही, मेव्हण्यानं मांडवातून हाताला धरून कसं बाहेर नेलं. हे सगळं तो पाऊसपाणी सांगावं तसं सांगायचा. चौथ्या खेपेला मीच विचारलं, "मग सुटली कशी?" तेव्हा त्यानं सांगितलं की अमुक गावी, शाळेच्या खोलीत, दर गुरुवारी आमच्यासारखी चार माणसं बसतात. या म्हणाला नाही. मी तीन महिन्यांनी गेलो.

अशी माणसांची मंडळं कशी वाढतात, हा आजचा विषय. स्वतःला सुधारावं म्हणून पुरुष एकत्र बसतात, फी नाही, नोकरदार माणूस नाही, जाहिरात नाही. मग ही गोष्ट एका गावातून दुसऱ्या गावात जाते कशी? वीसेक वर्षं मी हे जवळून पाहिलंय. बरंच चुकलोही आहे.

ती गुरुवारची सभा 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची होती. नावाचाच अर्थ अनामिक मद्यासक्त. मी त्या संस्थेच्या वतीनं बोलत नाही, तसं कुणालाच बोलता येत नाही. पण तिचा उगम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बिल नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस. डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली. सुटली तसा तो इतर दारुड्यांच्या मागे लागला. सहा महिने त्यांना पकडपकडून उपदेश केला, काहींना घरी आणून ठेवलं. एकाचीही सुटली नाही. वैतागून त्यानं बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, पण तू अजून प्यायला नाहीस ना! त्याच्या डॉक्टरांनीही सांगितलं, की बाबा, उपदेश बंद कर, तुझा आजार काय होता तेवढं सांग. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी गेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा उभा, पलीकडे बारमधून गप्पांचा आवाज. आता आपण पिणार, हे त्याला कळलं. त्यानं भिंतीवरच्या यादीतून पाद्र्यांचे नंबर काढून फोन लावायला सुरुवात केली. कशासाठी? तर गावात एखादा दारुडा असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय म्हणून!

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्याची गाठ बॉब नावाच्या सर्जनशी पडली. डॉक्टरही पक्का पिणारा. 'पंधरा मिनिटं थांबतो' असं बजावूनच आला होता. दोघं बसले संध्याकाळी पाचला आणि उठले रात्री सव्वाअकराला. डॉक्टरला उपदेश ऐकायची सवय होती, पण हा गृहस्थ आपलंच सांगत होता आणि वर म्हणत होता, की तुझ्याशी बोलण्याची गरज मला आहे. त्यानंतर डॉक्टर एकदा पुन्हा घसरला. त्याचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा, आणि तोच दिवस या चळवळीचा जन्मदिवस मानतात. भारतात ती १९५७ साली दिल्लीतून सुरू झाली. आज सुमारे १८० देशांत वीस लाखांच्या आसपास माणसं तिच्यात आहेत.

आमच्या दुकानात आलेला शेतकरी चहासाठी येत नव्हता, हे मला ही गोष्ट ऐकल्यावर उमगलं. तो स्वतःचा दिवस निभावायला येत होता. मी गेलो काय नि न गेलो काय, त्याचं काम त्या चहाबरोबर झालेलं असायचं. म्हणून तर त्याच्या बोलण्यात ओढाताण नव्हती. ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं बरं का. विमा एजंट रस्त्याच्या पलीकडे दिसला तरी आपण पानटपरीमागे जातो. कारण त्याला आपल्याकडून काय हवंय ते आपल्याला माहीत असतं.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं कशाला सांगता, आपल्याकडे काय कमी होतं? बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यात माळकऱ्याची परंपरा याहून कितीतरी जुनी. पाटोदा तालुक्यातल्या सावरगावी १८९६ साली जन्मलेल्या भगवानबाबांनी कीर्तन आणि सप्ताहाच्या जोरावर डोंगरपट्ट्यातल्या गावागावात माळा घालायला लावल्या, दारू-मटण सोडायला लावलं. त्यांच्याआधी जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिच्या सुरुवातीच्या अध्यापकांत आपल्याच जिल्ह्यातले बंकटस्वामी होते. माझे आजोबा असेच माळकरी झाले. सांगणारा कीर्तनकार नव्हता, तर शेजारच्या वावरातला सालगडी होता. तो आजोबांच्या देखत पिणं सोडून तीन वर्षं टिकला होता. आजोबा आधी त्याच्याकडे बघत राहिले, मग सप्ताहात जाऊन बसले.

माळेचा एक मोठा फायदा असा, की ती दिसते. गळ्यात तुळशीची माळ असली की लग्नात, जत्रेत, बैलबाजारात कुणी आग्रह करत नाही. 'ते माळकरी हायत' म्हटलं की विषय संपला. सोडणाऱ्याला गाव स्वतःहून आधार देतं. आणि तोटाही तोच. माळ दिसते म्हणून तिला मान मिळतो, आणि मान मिळतो म्हणून काही जण ती निवडणुकीपुरती घालतात. कुणी वरातीच्या रात्री ती काढून खुंटीला टांगतात आणि सकाळी पुन्हा गळ्यात. शिवाय माळकरी घसरला की त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही, मग तो दुप्पट पितो. आमच्या गुरुवारच्या सभेत घसरलेला माणूस येतो, 'काल पुन्हा झाली' म्हणतो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. आमच्यात माळ घातलेले तिघे आहेत. ते एकादशीही धरतात आणि गुरुवारही. मला त्यात काही विसंगत दिसत नाही.

२००६ साली आम्ही दोघा-तिघांनी आमच्या गावात सभा सुरू करायचं ठरवलं. आणि सुरुवातीलाच मी शहाणपणा केला. पाचशे हँडबिलं छापली, पेपरात टाकली, बाजाराच्या दिवशी रिक्षावर भोंगा लावला. पहिल्या गुरुवारी पिणारा एकही आला नाही. सात बाया आल्या. सातही जणींचा प्रश्न एकच, "चहात टाकायची पुडी कितीला?" म्हणजे आमच्या हँडबिलाचं गावभर होता होता झालं होतं असं, की रिवाइंडिंगवाल्यानं पुण्याहून दारूची पुडी आणलीय! तोंडोतोंडी जाणारी गोष्ट ही अशी बदलते. जे ऐकणाऱ्याला हवं असतं तेच तिच्यात शिल्लक राहतं.

दुसरी चूक पाटीची. नगरपालिकेच्या शाळेची खोली मिळाली होती, दारावर झोकात पाटी लावली. अहो, समोर हॉटेल, बाजूला पानटपरी! त्या दारातून आत जाणं म्हणजे चौकात उभं राहून 'मी दारुडा' म्हणण्यासारखंच होतं. दारू पिऊन चौकात पडायला माणूस लाजत नाही, पण सोडायला निघालाय हे दिसायची त्याला लाज वाटते. ही गोष्ट मला अजून पूर्ण उलगडलेली नाही, पण आहे तशी आहे. शेवटी सभा माझ्या दुकानामागच्या गोदामात आणली. पाटी नाही. येणारा माणूस रस्त्यात कुणी हटकलं तर म्हणतो, 'मोटार झाली का बघायला चाललोय.' पहिल्या दोन वर्षांत पाच जण टिकले. पाचही जण कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकून आलेले. हँडबिलामुळे आलेला एकही नाही.

एक मात्र खरं सांगायला हवं. छापील मजकुरानं काहीच होत नाही असं नाही. अमेरिकेत १ मार्च १९४१ रोजी एका मोठ्या साप्ताहिकात या चळवळीवर लेख आला. तेव्हा दोन हजारांच्या आसपास असलेले सदस्य वर्षअखेर आठ हजारांवर गेले. आपल्याकडेही अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी वाचलं, मदत दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. लेखामुळे पत्ता कळतो. पण चौकशीला आलेल्या माणसापाशी बसायला कुणीतरी आधी सुटलेला लागतोच. अवचट डॉक्टर दांपत्यानं हे ओळखलं होतं, म्हणून तिथं बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. आमच्या सभेतले दोघे मुक्तांगणला राहून आलेत. सगळ्यांना ते लागतंच असं नाही, पण एक इशारा इथंच देतो: फार वर्षं, फार प्रमाणात पिणाऱ्यानं एकदम घरच्या घरी बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे न्यावं. सभा त्यानंतर.

बरं, मग कोण कुणाचं ऐकतं? आमच्याकडे माणसं कुणाच्या शब्दावर आली याचा मी एकदा मनाशी हिशेब केला. सख्ख्या भावानं आणलेला एक. बापानं आणलेला एकही नाही. साडूनं, मेव्हण्यानं, न्हाव्यानं, एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं, दवाखान्यात बाजूच्या खाटेवर असलेल्यानं आणलेले बाकी सगळे. हे मी एका प्राध्यापक स्नेह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, यावर शास्त्रीय काम झालेलं आहे. ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती जिवलगांकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळलेली होती. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. दारूच्या बाबतीत मी त्यात आणखी एक भर घालीन. भावाच्या बोलण्यात वाटणीचा बांध असतो, बायकोच्या बोलण्यात काल रात्रीची भांडी असतात. साडूचं तसं नसतं. तो आपलं सांगतो आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो.

पण बायकोनं आणलेले नाहीत म्हटलं, त्यात मी थोडी लबाडी केली. साडूला कुणी सांगितलं? तर त्याच्या बायकोनं, म्हणजे धाकट्या बहिणीनं थोरलीच्या वतीनं. आमच्या पाठीमागची खरी वाट ही माहेरच्या अंगणातून जाते. पुरुषांची सभा पुरुषांनी वाढवली असं आम्ही छाती फुगवून म्हणतो, पण निरोप चालवले ते बायांनी. या संस्थेच्या दाराशी बायकांना मनाई अजिबात नाही, आमच्या गोदामात मात्र खुर्च्यांवर अजून पुरुषच आहेत. घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. आमच्या गावात तिची सभा सुरू करायचं राहिलंय. ते आमचं राहिलेलं काम आहे.

आता ऊसतोडीचं. आमच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. माणसं परततात उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने आमच्या सभेतला निम्मा माणूस गावातच नाही. आणि थंडीतलं काम, पहाटेपासून मोळ्या, रात्री कारखान्याच्या रांगेत गाडीचा नंबर लागेपर्यंत जागरण. तिथं बाटली फिरते.

२००९ मध्ये एका मुकादमाची सुटली. आम्हाला वाटलं, आता काय, सगळी टोळी येणार! आलीही. हंगामाआधी त्याची दहा-बारा माणसं गोदामात मांडी घालून बसली. हरएकानं 'सोडली' म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी टोळी गेली आणि पहिल्याच मुक्कामाला कोपीत बाटली निघाली. मुकादम मला म्हणाला, "आण्णा, म्या त्यांन्ला समद्यांन्ला सांगितलं की ओ." त्यानं सांगितलं होतं हे खरं. पण ज्याच्याकडे उचलीची वही आहे त्याचं सांगणं हे सांगणं नसतं, हुकूम असतो. माणसं त्याच्यासाठी आली होती, स्वतःसाठी नाही. कानोकान जाणारी गोष्ट बरोबरीच्या माणसांतच जाते. वरून खाली ती जात नाही, नुसती गडगडते. त्या टोळीतला एकच जण पुढे टिकला. त्याला मुकादमानं आणलं नव्हतं. कारखान्याच्या रांगेत पुढच्या गाडीवरच्या परक्या टोळीतल्या माणसानं रात्री शेकोटीपाशी आपली कहाणी सांगितली होती.

आणि आता माझी सगळ्यात मोठी चूक. माझा चुलतभाऊ माझ्याच वयाचा. शाळा एकत्र, पहिला घोटही एकत्र. माझी सुटून तीन वर्षं झाली होती. दुकान सुधारलं होतं, नवी मोटारसायकल घेतली होती. एका संध्याकाळी ती मोटारसायकल त्याच्या दारात उभी केली आणि ओट्यावर बसून, त्याच्या दोन्ही पोरांदेखत, त्याला तासभर सुनावलं. लिव्हरचं सांगितलं, जमिनीचं सांगितलं, पोरांकडे बोट दाखवून सांगितलं. एकच गोष्ट सांगितली नाही: माझे हात थरथरायचे ती. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तू आता महाराज झालास बाबा." त्यानंतर मी दिसलो की तो रस्ता बदलायचा. २०११ मध्ये तो गेला. तोवर मी चार वेळा त्याच्या दाराशी जाऊन परत आलो, कारण आता काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. चहा प्यायला आलोय असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. जो धडा मला एका अनोळखी शेतकऱ्यानं चार चहांत शिकवला, तो माझ्या घरच्या माणसाच्या बाबतीत मी विसरलो. त्याचा धाकटा मुलगा आता टेम्पो चालवतो, मोटारी पोचवायला दुकानात येतो. आम्ही टेम्पोचं बोलतो.

नावाचं सांगतो म्हणालो होतो. १८४० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एका गुत्त्यात बसूनच शपथ घेतली आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाचं मंडळ काढलं. पद्धत आमचीच. आपली कहाणी सांगायची, एकानं एकाला आणायचं. दोन-तीन वर्षांत लाखो माणसांनी शपथा घेतल्या. अब्राहम लिंकन तेव्हा तेहतीस वर्षांचे वकील होते. १८४२ मध्ये स्प्रिंगफिल्डला या मंडळापुढे भाषण करताना त्यांनी म्हटलं, की आधीचे सुधारक अपेशी ठरले ते तुच्छतेनं बोलत होते म्हणून, आणि हे यशस्वी होताहेत ते स्वतः त्यातून गेलेत म्हणून. पण इतकी वाढलेली ही चळवळ ते दशक संपेपर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. दारूबंदीच्या राजकारणात शिरली, व्याख्यानं गाजवणारे वक्ते मोठे झाले, आणि गुत्त्यातून उठून आलेल्या माणसासाठी खुर्ची राहिली नाही. पुढे आमच्या संस्थेनं १९५० मध्ये ज्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यांत अकरावी अशी आहे, की जाहिरात करून कुणाला बोलवायचं नाही, आणि वृत्तपत्रं, रेडिओ, सिनेमा यांत आपलं नाव येऊ द्यायचं नाही. रेडिओचा उल्लेख तिच्यात आहे, म्हणून मघाशी मी निवेदकांना नाही म्हटलं. मी उद्या घसरलो, तर पडेल तो एक रिवाइंडिंगवाला. सभा पडता कामा नये.

हा नियम मोडला की काय होतं हे आम्ही २०२० मध्ये पाहिलं. टाळेबंदीत गोदाम बंद. जगभरच्या सभा तेव्हा मोबाइलवर गेल्या, आमचीही गेली. सात-आठ जण आवाजावर बसायचो, ते चांगलं चाललं. मग आमच्यातल्या एका उत्साही पोराला वाटलं, आता गावच्या गाव जोडू. त्यानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि फोनमधले दीडेकशे नंबर न विचारता आत घातले. चार दिवसांत सुप्रभातची फुलं, दोन पक्षांची भांडणं, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक. पाचव्या दिवशी वाईट झालं. एका शिक्षकानं मध्यरात्री आपलं मन मोकळं केलेलं होतं, त्याचा कुणीतरी फोटो काढून गावच्या दुसऱ्या ग्रुपवर टाकला. तो माणूस दोन वर्षं सुटलेला होता. पुन्हा आला नाही. मी त्याच्याकडे गेलो, दार उघडलं नाही. ग्रुप त्याच रात्री बंद केला. तेव्हापासून आमच्यात असं ठरलंय, की कुणाचा नंबर आपण होऊन जोडायचा नाही. त्यानं कुणातरी एकाला विचारायचं, त्या एकानं त्याला दोनदा तरी समक्ष भेटायचं, आणि मगच सभेची वेळ कळवायची. वाढ मंद आहे. गेल्या चार वर्षांत सहा माणसं. पण त्यातली चार आहेत.

फोनची सभा मात्र आम्ही मोडली नाही, ती ऊसतोडीसाठी ठेवली. हंगामात गुरुवारी साडेसातला गोदामात आम्ही बसतो आणि मधे उलट्या ठेवलेल्या बादलीवर एक फोन, आवाज मोठा करून. पलीकडे तीन-चार जण असतात. कुणी कर्नाटकातल्या फडातून, कुणी सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्याच्या रांगेतून, गाडीवरच बसलेला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो, ट्रॅक्टरचा येतो. रेंज जाते, मग आम्ही थांबतो. गेल्या हंगामात त्यातला एक जण बोलता बोलता म्हणाला, "आण्णा, हितं मोहरल्या गाडीवरचा एक जन हाय, तो बी आयकतोय, चालंल का?" मी म्हटलं, चालेल, त्याला चहा पाज. मग त्या नव्या माणसानं काही विचारायच्या आत रांग हलली आणि दोघांनाही गाड्या पुढे घ्याव्या लागल्या. पुढच्या गुरुवारी फोन लागला तेव्हा तिकडून आवाज आले ते दोन.